साडेसहाशे शब्दांत तुम्ही दिसायला हवात

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या कॉलेजांना अप्लाय करणारी बरीच मुलं आत्ता ऐकत असतील, आणि त्यांचे आईबाबा पण, तर आज थेट अर्जासोबतच्या त्या निबंधाबद्दलच बोलूया जिथे भलीभली हुशार मुलं अडून बसतात.

कॉमन ॲप नावाचा जो सामायिक फॉर्म आहे त्यात या निबंधाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द मिळतात. विषयांचे पर्याय ७, आणि सातवा म्हणजे तुमच्या मनातला कुठलाही, त्यामुळे विषयाचं टेन्शन घेऊ नका. पण त्याच फॉर्ममध्ये १० ॲक्टिव्हिटीज लिहायची जागा असते ती नीट बघा. म्हणजे स्पर्धा, कॅप्टनपद, क्लब हे सगळं तिथे सांगून झालेलं असतं, मार्क ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकात असतात, शिक्षकांचं मत त्यांच्या पत्रात असतं, मग निबंधात परत तीच यादी वाक्यं करून लिहिली तर वाचणाऱ्याच्या हाती नवीन काय लागलं? हे पोर विचार कसं करतं, तेवढंच त्याला अजून कळलेलं नसतं, आणि ते सांगायला दुसरी जागाच नाही.

आता समजा एखादी मुलगी लिहिते, "मला लहानपणापासून विज्ञानाची खूप आवड आहे." खोटं नाहीये ते, पण हे वाक्य कुणाच्याही नावावर खपेल. तीच मुलगी असं सुरू करते बघा: "मी मिठी मारली की आजोबांच्या डाव्या कानातलं मशीन शिट्टी मारायचं." झालं, आता मला पुढचं वाचायचंच आहे! पुढे ती लिहिते की कानाजवळ काही आलं की मशीनमधून बाहेर निसटलेला आवाज त्यावर आपटून परत त्याच मशीनच्या माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, परत शिरतो, म्हणून ती शिट्टी, आणि हे शोधून काढल्यावर ती आजोबांना उजवीकडून मिठी मारायला लागली. आवड हा शब्द एकदाही आला नाही, तरी आवड कळली, आणि पोरगी कशी आहे तेही कळलं.

पुष्कळ मुलांना वाटतं की आपल्या आयुष्यात काही मोठं घडलंच नाही, मग लिहू काय. अरे, मोठं दुःख, मोठा विजय असलं काही लागत नाही हो, छोटीच गोष्ट घ्या पण तिच्यात तुमचं डोकं चालताना दिसू दे. नुसता प्रसंग रंगवण्यात ५०० शब्द गेले आणि "यातून मी खूप शिकलो" एवढ्यावर संपवलं तर सगळी मेहनत पाण्यात. काय शिकलात, आधी काय वाटत होतं, नंतर काय बदललं, ते सांगा ना!

आणि हो, हाच निबंध कॉमन ॲपवरच्या तुमच्या यादीतल्या बहुतेक कॉलेजांकडे जातो, त्यामुळे त्यात एकाच कॉलेजचं गुणगान नको, त्यासाठी वेगळे छोटे प्रश्न असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा फॉर्म तर वेगळाच, तिथे ८ प्रश्नांपैकी ४ निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. ब्रिटनला जाणाऱ्यांनी मात्र हा निबंध तिकडे चिकटवू नका, २०२६ च्या प्रवेशांपासून तिथे ३ प्रश्न आहेत, मिळून ४००० कॅरेक्टर, म्हणजे शब्द नव्हे, स्पेससकट एकेक अक्षर मोजायचं, आणि तिथे बोलायचं ते मुख्यतः आपल्या विषयाबद्दल.

आता आईबाबांना कळकळीची विनंती. स्पेलिंग तपासा, पण वाक्यं तुमची घालू नका, सतरा वर्षांच्या मुलाच्या निबंधात मोठ्यांची भाषा आली की ती लगेच उघडी पडते. एआयकडून लिहून घेऊन आपलं म्हणून देणं तर कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूकच धरतात. तुम्ही शांतपणे वाचा आणि कुठे कंटाळा आला, कुठे अजून ऐकावंसं वाटलं तेवढं त्यांना सांगा, बाकीचं ती लिहितील.