मामाची पाईपलाईन

नमस्कार मंडळी. सांगली-मिरजकर आणि तासगाव, पलूसकडनं ऐकणारे शेतकरी मित्र, आज विषय जरा जड आहे, स्तनाचा कॅन्सर हाडातल्या मज्जेत कसा पोचतो. पण घाबरू नका, आधी माझ्या मामाच्या पाईपलाईनची गोष्ट.

मामाची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. एका उन्हाळ्यात शेवटच्या चार ओळींना पाणीच पोचेना. विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, फिल्टर तीनदा धुतला, ड्रिपर पिनेनं साफ केले, तरी वेली माना टाकून. मामा रोज मोटरला शिव्या घालायचा, मामी म्हणायची तिला कान असते तर कधीच माहेरी निघून गेली असती. शेवटी एका रात्री आम्ही बॅटरी घेऊन लाईन धरून चालत निघालो, आणि बांधापलीकडं बघतो तर ज्या खडकाळ तुकड्यात कधी कुसळ उगवलं नाही तिथं डाळिंबं डुलतायत! उकरलं, तर मामाच्या मेन लाईनला टी जोडलेला, अगदी सोल्युशन लावून, व्यवस्थित. आता खरी गंमत ऐका. त्या डाळिंबवाल्या गड्यानं स्वतः फावडं सुद्धा धरलं नव्हतं. त्यानं मामाच्याच प्लंबरला सांगितलं, झाडं तहानेनं मरायल्यात, मालक म्हणालेत इकडं एक लाईन काढ. आणि त्या भल्या माणसानं मामाच्या शेडमधले पाईप नेऊन मामाचंच पाणी तिकडं नेलं, वर मजुरी मामाच्या खात्यावर मांडली!

तर कॅन्सरची गाठ हेच करते. एक-दोन मिलिमीटरपर्यंत ती आजूबाजूच्या ओलीवर जगते, पुढं वाढायचं तर स्वतःची लाईन पाहिजे. मग ती निरोप धाडते, ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून. त्या निरोपाचं नाव व्हीईजीएफ. आणि आपल्याच रक्तवाहिन्या, त्या प्लंबरसारख्या, भाबडेपणानं तिकडं फांद्या काढतात. ज्युडा फोकमन नावाच्या अमेरिकन सर्जननं हे 1971 साली मांडलं, तेव्हा बऱ्याच जणांनी मनावर घेतलं नाही. या नव्या वाहिन्या वाकड्यातिकड्या, गळक्या. म्हणजे त्यांतनं रक्त आत येतं आणि गाठीतल्या पेशी बाहेर पडतात. परत सांगतो, ज्या वाटेनं रक्त आत, त्याच वाटेनं पेशी बाहेर.

बाहेर पडून जातात कुठं? स्तनाचा कॅन्सर पसरला तर सगळ्यात जास्त वेळा हाडात. लंडनच्या स्टीफन पॅजेटनं 1889 मध्ये 735 बायकांच्या नोंदी तपासून सांगितलं, बी सगळीकडं उडतं, पण मानवणारी जमीन मिळाली तरच रुजतं. हे आपल्याकडं शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. हाडातली मज्जा म्हणजे तशीच काळी जमीन, बारीक वाहिन्यांचं जाळं, रक्त संथ. तिथं या पेशी वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात. 2013 साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की जुनी, शांत रक्तवाहिनी त्यांना झोपवून ठेवते आणि नवा कोंब फुटणारी वाहिनी त्यांना उठवते.

मग लाईनच तोडली तर? बेव्हासिझुमॅब औषध हेच करतं, अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी 2008 मध्ये परवानगी मिळाली, 2011 मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचं दिसेना आणि त्रास बराच. म्हणजे नुसती लाईन तोडून भागत नाही, आणि झोपलेल्या पेशी पुढं कधीतरी उठू शकतात. म्हणून जिला पूर्वी हा आजार होऊन गेलाय तिची कंबर, पाठ, मांडीचं हाड दुखायचं थांबेना, रात्री जास्त दुखतंय, तर नुसता बाम चोळत बसू नका. दहा वर्षं झाली असली तरी डॉक्टरला जुन्या आजाराचं आधी सांगा. दहा वर्षं झाली असली तरी.

आणि हो, मामाचं राहिलंच. ती चोरटी लाईन आम्ही तोडली, डाळिंबं वाळली, तुकडा परत उजाड, सगळे विसरले. सहा-सात वर्षांनी तिथंच मेन लाईनचा एक जॉइंट गळायला लागला, थेंब-थेंब. पंधरा दिवसांत त्या खडकावर हराळीचा हिरवा पट्टा. मामानं खुरपं मागवलं, म्हणाला, मुळी खालीच होती की रं.