रोग कोणता याआधी, जागा कोणती

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीच्या बाजूने एखाद्या रुग्णाला घेऊन नातेवाईक येतात तेव्हा 'अंगावरून वारे गेले' एवढेच सांगतात आणि त्यांच्या दृष्टीने रोगाचे निदान तेथेच पूर्ण झालेले असते. पण ज्याचा उजवा हात लुळा पडला आहे आणि बोलणे बंद झाले आहे, ज्याची डावी बाजू गेली आहे पण आपल्याला काहीच झालेले नाही असे जो ठासून सांगतो, आणि ज्याचे हातपाय शाबूत आहेत पण उभे राहताच जो एका बाजूला कलंडतो, त्या तिघांनाही घरचे लोक हेच सांगून आणतात. तिघांचेही मूळ कारण एकच, रक्तवाहिनी तुंबणे, असू शकते. तरी तिघांचे पुढचे आयुष्य अगदी वेगळे असणार आहे, कारण इजा वेगवेगळ्या जागी झाली आहे. मज्जाविकारांच्या तपासणीत रोग कोणता हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न जागा कोणती हा असतो. आज मी या पहिल्या प्रश्नाविषयी आणि आपल्या बेळगावसारख्या दोन भाषांत वावरणाऱ्या मुलखात तो कसा अवघड होतो याविषयी बोलणार आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण 1.3 ते 1.4 किलो वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असतो, परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. त्याच्याकडे साठा असा काही नसतो, त्यामुळे रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच चेतापेशी मरू लागतात. मोठ्या मेंदूच्या प्रत्येक गोलार्धाला पुढची, मधली आणि मागची अशा तीन मुख्य धमन्यांतून रक्त मिळते व त्यांचे प्रदेश बऱ्यापैकी ठरलेले असतात. हिडकल धरणाच्या कालव्यात पाणी कमी सोडले की ओढ सर्वांत आधी शेपटाकडच्या शेतांना बसते. तसेच रक्तदाब एकाएकी फार खाली गेला तर दोन धमन्यांच्या प्रदेशांमधील सीमेवरचा भाग प्रथम सुकतो. अशा रुग्णाला हाताच्या पंजापेक्षा खांदा आणि दंड हलवणे अधिक जड जाते, कारण शरीराच्या त्या भागाची जागा नेमकी त्या सीमेवर येते. कोणता स्नायू दुबळा झाला आहे यावरून कोणत्या नळीत बिघाड आहे याचा अंदाज बांधता येतो, तो असा.

इजेचा आकार आणि तिचे परिणाम यांचे प्रमाण जुळत नाही, ही गोष्ट नातेवाइकांना पटवून देणे फार कठीण जाते. मेंदूच्या पृष्ठभागावर पसरलेल्या हालचालींच्या केंद्रातून निघणारे तंतू खाली उतरताना एका अरुंद पट्टीत एकत्र येतात आणि पुढे मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी बहुतांश तंतू बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूतील इजेने उजवे अंग जाते. त्या अरुंद पट्टीत वाटाण्याएवढी जागा जरी मेली तरी चेहरा, हात आणि पाय तिन्ही एकदम लुळे पडतात. उलट कपाळामागच्या भागात लिंबाएवढी गाठ वाढली तरी माणूस चालत-बोलत असतो. बदललेला असतो तो त्याचा स्वभाव. आयुष्यभर हिशेबाला चोख असलेला दुकानदार उधारी लिहायचे सोडून देतो, चारचौघांत नको ते बोलतो, किंवा दिवसभर ओट्यावर नुसता बसून राहतो. घरचे म्हणतात, वयाने आळशी झाला. (1848 मध्ये ज्याच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली त्या फिनिअस गेजची कथा या ठिकाणी सांगण्याची प्रथा आहे, पण ती इतक्या वेळा आणि इतकी रंगवून सांगितली गेली आहे की मी ती टाळतो.)

उजव्या गोलार्धाच्या मागील-वरच्या भागातील इजा याहूनही चमत्कारिक असते. त्या रुग्णाचा डावा डोळा चांगला असतो, तरी त्याच्या जगातून डावी बाजूच नाहीशी होते. ताट वाढून समोर ठेवले तर उजवीकडची भाजी आणि आमटी तो संपवतो. डाव्या बाजूला वाढलेली चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड जशीच्या तशी राहते, आणि मला कोशिंबीर का वाढली नाही अशी तक्रारही तो करतो. ताट फिरवून दिले की ती सापडते. आपला डावा हात लुळा आहे हेही त्याला कळत नाही, म्हणून तो उठायला जातो आणि पडतो. हा हट्ट नसतो आणि वेडही नसते. शरीराच्या डाव्या बाजूची जाणीव ठेवणारी यंत्रणाच बिघडल्यावर त्या बिघाडाची जाणीव तरी कोणी ठेवायची?

लहान मेंदूविषयी थोडक्यात सांगतो. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील बहुसंख्य या मागच्या, मुठीत मावणाऱ्या भागात असतात. येथे रक्त थांबले तर लकवा येत नाही. भोवळ येते, उलट्या होतात, पावले दारू प्यायल्यासारखी पडतात. पित्त झाले म्हणून सोडा आणि लिंबूपाणी देण्यात रात्र जाते. अचानक भोवळ येऊन ज्या माणसाला आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता येत नाही, त्याच्या बाबतीत पित्ताचा विचार शेवटी करावा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून दूरच्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यातून येणाऱ्यांना मी नेहमी विचारतो की रुग्णाला शेवटचे ठीकठाक कोणी आणि किती वाजता पाहिले. औषध द्यायचे की नाही हे या उत्तरावर बरेचसे ठरते.

आता भाषेकडे वळू. 1861 मध्ये पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाच्या एका रुग्णाच्या मेंदूचे शवविच्छेदन केले. हा माणूस वर्षानुवर्षे 'तां' एवढाच उच्चार करू शकत असे, मात्र बोललेले बरेचसे त्याला समजत असे. त्याच्या डाव्या ललाटखंडाच्या, म्हणजे कपाळामागच्या भागाच्या, खालच्या बाजूस इजा आढळली. पुढे 1874 मध्ये सव्वीस वर्षांच्या कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी नेमके उलट चित्र मांडले: डाव्या शंखखंडाच्या, म्हणजे कानाजवळच्या भागाच्या, वरच्या-मागच्या बाजूस इजा झालेले रुग्ण अस्खलित बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे 95 टक्के लोकांत भाषेची सूत्रे डाव्या गोलार्धाकडे असतात.

यांतल्या दुसऱ्या प्रकाराबद्दल मला विशेष काळजी वाटते. पहिल्या प्रकारात बहुधा उजवा हातही लुळा पडतो, म्हणून धावपळ होते. दुसऱ्या प्रकारात हातपाय चालू असतात, माणूस भराभरा बोलत असतो, शब्द मात्र भलतेच येतात किंवा कोणत्याही भाषेत नसलेले येतात. सकाळपर्यंत शहाणा असलेला माणूस दुपारी असंबद्ध बोलू लागला की बाधा झाली असे ठरते आणि त्याला देवर्षीकडे, नाहीतर मनोविकाराच्या दवाखान्यात नेले जाते. मनोविकारात भ्रम असला तरी शब्द बहुधा शाबूत असतात. येथे शब्दच तुटलेले असतात, आणि ते एका तासात तुटलेले असतात. घड्याळ दाखवून हे काय आहे असे विचारणे आणि डोळे मिटा असे सांगून पाहणे, या दोन साध्या गोष्टींनी बराच उलगडा होतो.

मेंदूत ठरावीक कामांची ठरावीक कप्प्यांत वाटणी आहे, अशी समजूत मात्र यावरून करून घेऊ नये. 1892 मध्ये ज्यूल देजेरीन या फ्रेंच डॉक्टरांनी एका शिकलेल्या माणसाचे वर्णन केले, ज्याला पत्र नीट लिहिता येत असे, पण स्वतः लिहिलेले ते पत्र वाचता येत नसे. त्याची भाषेची केंद्रे सुरक्षित होती, डाव्या बाजूची दृष्टीही काम करीत होती. तुटला होता तो पाहिलेले अक्षर भाषेपर्यंत पोहोचवणारा मार्ग. तसेच 1953 मध्ये हेन्री मोलेसन या तरुणाचे झटके थांबवण्यासाठी दोन्ही शंखखंडांच्या आतील बाजूचा हिप्पोकॅम्पस या नव्या आठवणी घडवणाऱ्या भागासह मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्याला नवीन माणूस, नवीन प्रसंग काही मिनिटांपलीकडे लक्षात राहीना. परंतु आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे अवघड काम मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला दिले तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी केले आहे हे मात्र त्याला प्रत्येक वेळी ठाऊक नसे. स्मृती ही एकच वस्तू नाही, हे वैद्यकाला या माणसाने शिकवले. अल्झायमरच्या विकारात आजी सकाळचा चहा विसरते आणि माहेरची जत्रा बारकाव्यांसह सांगते, त्याचे कारणही हेच आहे. हा विकार बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागात सुरू होतो. जुन्या आठवणी तोवर मेंदूच्या इतर भागांत पसरलेल्या असतात.

आपल्या भागात फिट येण्याचे प्रमाण बरेच आहे आणि त्याबद्दल एक वाक्य सांगितल्याशिवाय राहवत नाही: चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपली आपणच थांबते, आणि पाच मिनिटे उलटली तर मात्र रुग्णालय गाठलेच पाहिजे. जागेच्या दृष्टीने उपयोगी असते ती फिटची सुरुवात. अंगठा प्रथम उडू लागला आणि मग हात व चेहरा ओढला गेला, तर उगम हालचालींच्या पट्टीत असतो, कारण त्या पट्टीवर अंगठा आणि चेहरा शेजारी-शेजारी आहेत. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटणे, कारणाविना भीती, करपल्याचा वास, मग टक लावून बघणे व ओठ चावल्यासारखे करणे, हे शंखखंडाकडे बोट दाखवते. कोणी मोबाईलवर चित्रण करून आणले तर ते माझ्या तासाभराच्या प्रश्नांपेक्षा अधिक सांगते. भारतात फिटचे एक मोठे कारण मेंदूतील फीतकृमीची अळी हे आहे. डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही ती होते, कारण त्या कृमीची अंडी न धुतलेल्या कच्च्या भाजीतून आणि हातांतून पोटात जातात.

आता आपल्या सीमाभागाच्या खास प्रश्नाकडे येतो. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्या काळात मराठी शाळेत शिकलेली पिढी आज पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहे. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, शेजारी उर्दू किंवा कोकणी, अशा वातावरणात ही माणसे जगली. सीमाप्रश्नावर मी येथे बोलणार नाही; माझा संबंध फक्त तपासणीशी आहे. अशा माणसाला वाचाघात झाला, म्हणजे मेंदूतील इजेने भाषा गेली, तर कोणती भाषा आधी परत येते? जी सर्वांत आधी शिकली ती टिकते, असे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांचे मत होते. 1895 मध्ये पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितले की जी रोजच्या वापरात होती ती आधी परतते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, पण नेहमी नाही. काही रुग्णांत एक भाषा मागे राहते, आणि मिशेल पारादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांना एका दिवशी एक भाषा बोलता येई आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. मौज अशी की जी भाषा त्या दिवशी तोंडातून आपणहून निघत नसे, तिच्यात भाषांतर मात्र करता येत असे! याचा अर्थ ती भाषा पुसली गेली नव्हती. तिच्यापर्यंत पोहोचवणारी आणि दुसरीला रोखून धरणारी यंत्रणा डळमळली होती. या यंत्रणेत ललाटखंड आणि मेंदूच्या आतील कॉडेट हे केंद्रक भाग घेतात. शस्त्रक्रियेच्या वेळी जागे ठेवलेल्या द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श करून पाहिले असता दोन भाषांच्या जागा काही ठिकाणी सामायिक आणि काही ठिकाणी वेगळ्या आढळल्या आहेत.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की सीमाभागातील वृद्धाची एकाच भाषेत केलेली तपासणी अपुरी समजावी. येळ्ळूरच्या एखाद्या आजीला बेंगळूरहून आलेला तरुण डॉक्टर कन्नडमध्ये तारीख विचारतो, ती गप्प बसते, आणि कागदावर स्मृतिभ्रंश लिहिला जातो. तिला मराठीत विचारले तर ती तारीख सांगणार नाही, पण आज ज्येष्ठ वद्य एकादशी आहे हे बिनचूक सांगेल, आणि कालनिर्णयावर ते लगेच ताडून पाहता येईल. याच्या उलटही घडते: मुले मराठीत बोलतात म्हणून सारे ठीक वाटते, आणि चाळीस वर्षे ज्या भाषेत व्यापार केला ती कन्नड त्या माणसाला उमगेनाशी झाली आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. वाचा सुधारण्याचे उपचार कोणत्या भाषेत सुरू करायचे हे ठरवताना नातेवाइकांनी तीन गोष्टी लिहून आणाव्यात: पहिली भाषा कोणती, शाळा कोणत्या भाषेत झाली, आणि आजारापूर्वीच्या वर्षात दिवसाचा अधिक वेळ कोणत्या भाषेत जाई.

दोन भाषांचा मेंदूला फायदा होतो का, असे मला नेहमी विचारले जाते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एकभाषिकांपेक्षा द्विभाषिकांत विकाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि शाळेत कधीच न गेलेल्यांतही हा फरक दिसला, म्हणजे शिक्षणाचे श्रेय भाषेला दिले गेले असे म्हणता येत नाही. 2016 मध्ये त्यांनी पक्षाघाताच्या 608 रुग्णांची माहिती दिली: झटक्यानंतर बुद्धीची कामे सुरळीत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत 40.5 टक्के आणि एकभाषिकांत 19.6 टक्के होते. जगातील सर्वच अभ्यास याला दुजोरा देत नाहीत. विशेषतः निरोगी लोकांना वर्षानुवर्षे पाहत राहून केलेल्या अभ्यासांत हा फरक पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे मी हे निष्कर्ष आशादायक मानतो, सिद्ध मानत नाही. हैदराबादच्या त्याच दुसऱ्या अभ्यासातील एक आकडा मात्र वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. वाचाघाताचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. दोन भाषा येणाऱ्याचे लक्ष आणि नियोजन कदाचित अधिक तग धरत असेल, परंतु डाव्या मधल्या धमनीत गुठळी अडकली आणि भाषेच्या प्रदेशाचे रक्त थांबले, तर त्या प्रदेशाचे नुकसान मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्याच्या मेंदूतही तेवढेच होते.