३२ किलोमीटरवरून अँजिओप्लास्टी

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर २०१८. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तेजस पटेल पडद्यासमोर बसले होते. रुग्ण होता सुमारे ३२ किलोमीटरवर, अहमदाबादच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या मदतीने रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या खोलीत. डॉक्टरांनी जॉयस्टिक हलवली की तिकडे रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत तार सरकत होती. अशा पाच रुग्णांना स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीदार नळ्या, बसवले गेले. अँजिओप्लास्टी म्हणजे अरुंद झालेली धमनी आतून फुगा फुगवून मोकळी करणं. माणसावर इतक्या दुरून केलेली ही पहिलीच.

‘यंत्रमानवाने ऑपरेशन केलं’ असं आपण सहज म्हणून जातो. तसं काही नसतं बरं का! टेबलाला जोडलेला यांत्रिक हात स्वतःहून काहीच ठरवत नाही. डॉक्टर सांगतील तेवढीच तार, फुगा किंवा स्टेंट तो पुढे-मागे करतो. अगदी एकेक मिलिमीटरसुद्धा. ही तार जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची असते. हाताने काम करताना ती कुठे अडली हे बोटांना कळतं. यंत्रावर बसल्यावर मात्र बहुतेक भिस्त डोळ्यांवर, पडद्यावरच्या एक्स-रे चित्रावर.

मग एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मते पहिला फायदा रुग्णापेक्षा डॉक्टरांचा आहे. एरवी ते अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून, एक्स-रे किरणांच्या शेजारी तासन्‌तास उभे असतात. कितीतरी जणांची पाठ त्यापायी कायमची धरते. यंत्रामुळे हेच काम आडोशामागे बसून करता येतं.

दूरच्या गावांना उपयोग होईल, हे म्हणणंही खरं आहे, पण अर्धंच. अहमदाबादलासुद्धा धमनीत नळी घालून सगळी तयारी करणारे डॉक्टर रुग्णाजवळ होतेच. काही बिनसलं तर तिथल्या तिथे हात घालायला ते लागतातच. गडचिरोलीसारख्या ठिकाणी नुसतं यंत्र नेऊन ठेवलं आणि कॅथ लॅब नसली, तर ते करणार काय?

धंद्याचं गणितही सोपं नाही. ते यंत्र बनवणारी ‘कॉरिंडस’ कंपनी ‘सीमेन्स हेल्थिनियर्स’ने २०१९ मध्ये विकत घेतली. पण २०२३ मध्ये हृदयाच्या धमन्यांसाठीचं हे काम थांबवत असल्याचं जाहीर करून त्यांनी मोर्चा मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे वळवला. पक्षाघातात मेंदूतली गुठळी काढायला उशीर चालत नाही, आणि ती काढू शकणारे डॉक्टर मोजक्याच शहरांत असतात. अंतर कापायची खरी निकड तिथे आहे.

नमस्कार.