मांदाऊ : जुनी कोणती, जुनी केलेली कोणती

मांदाऊ ही बोर्नियो बेटावरची तलवार. ती खरोखर जुनी आहे की जुनी भासवलेली, हे ओळखताना प्रथम पाते पाहावे, आणि तेही टोकाकडून. समोरून पाहताना ही तलवार लांब कोयत्यासारखी वाटते. पण टोक डोळ्यांकडे करून धरली, की पात्याची एक बाजू किंचित खोलगट आणि दुसरी फुगीर असल्याचे दिसते. उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेल्या पात्यात अंगाकडची, म्हणजे डावी बाजू खोलगट असते. डावखुऱ्यासाठी घडण उलटी केली जाते. घाव खोल बसावा आणि पाते अडकून न राहता सहज निघावे, यासाठी ही रचना असल्याचे सांगतात. पर्यटकांसाठी पत्र्यातून कापलेल्या पात्याच्या दोन्ही बाजू बहुधा सारख्याच सपाट असतात. समोरून काढलेल्या फोटोत हा फरक कळत नाही, म्हणून विक्रेत्याकडे टोकाकडून काढलेला फोटो आवर्जून मागावा.

बोर्नियोतील मूळ रहिवाशांना एकत्रितपणे दायाक म्हणतात, आणि त्यांपैकी कयान व केन्याह या जमातींच्या घडणीतून ही तलवार बेटभर ओळखली गेली; कयान तिला मालात म्हणतात, तर बोर्नियोच्या मलेशियातील सारावाक राज्यात ती पारांग इलांग या नावाने परिचित आहे. खोलगट पात्याची कसोटी मात्र प्रत्येक दायाक तलवारीला लावू नये, कारण इबान या दुसऱ्या दायाक गटाची वक्र तलवार न्याबोर हे मुळातच वेगळे शस्त्र आहे. कयान नदीच्या उगमाकडील आपो कयान पठारावर लोहार एके काळी स्थानिक खनिजापासून लोखंड गाळत असत. आज भट्टीत दिसतो तो बहुधा मोटारीचा जुना कमानपाटा, आणि त्यात कमीपणाचे काहीही नाही.

आता पात्यावरचे पिवळे ठिपके पाहा. जुन्या पात्यात छिद्रे पाडून त्यांत पितळ ठोकून बसवले जाई आणि मग घासून पात्याशी एकरूप केले जाई, त्यामुळे बोट फिरवले तरी उंचवटा जवळजवळ लागत नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे कापलेले एक डोके, ही कथा विक्रेते हमखास सांगतात. पण ठिपके मोजून वय ठरत नाही, ते कसे बसवले आहेत हे पाहून अंदाज बांधता येतो.

मुठीपाशी थोडे अधिक थांबावे, कारण इथेच फसगत सर्वाधिक होते. चांगली जुनी मूठ सांबरशिंगाची असते, आणि शिंगाला जिथे फाटा फुटतो त्याच ठिकाणाचा उपयोग करून कोरणारा वळणे व जबडे काढतो. तोडलेल्या कडेवर आतला सच्छिद्र गाभा दिसतो. पात्याचे शेपूट रिव्हेटने नव्हे, तर झाडाच्या राळेने मुठीत पक्के केलेले असते, आणि त्यावर वेताची बारीक वीण येते. वापराने तळहात लागतो तेथील नक्षी झिजून गुळगुळीत होते, पण बोटे पोहोचत नाहीत तेथील खोबणी तशाच धारदार राहतात. चहाच्या पाण्यात किंवा धुरात काळी केलेली मूठ मात्र सगळीकडे सारखीच काळी असते. हाताने आलेली झीज अशी एकसारखी कधीच नसते.

१८९४ मध्ये बोर्नियोतील तुंबांग आनोई येथे डच प्रशासनाच्या पुढाकाराने जमलेल्या दायाक प्रमुखांनी शत्रूचे डोके कापून आणण्याची प्रथा थांबवण्याचे मान्य केले, आणि त्यानंतर मांदाऊ अधिकाधिक समारंभाची व पुढे विक्रीची वस्तू झाली. या व्यापारात लांबघरांतील, म्हणजे अनेक कुटुंबे एकत्र राहत त्या लांबलचक घरांतील, अनेक वारसावस्तू बाहेर गेल्या. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे : आजच्या लोहाराने आजची म्हणून विकलेली मांदाऊ नकली नव्हे. खोटी ठरते ती आजची असून शंभर वर्षांची म्हणून विकलेली.

शेवटी म्यान उलटे करून पाहा, कारण विक्रेते सजवतात ती दर्शनी बाजू. लाकडाच्या दोन फळ्या वेताच्या विणलेल्या पट्ट्यांनी एकत्र आवळलेल्या असतात. तिथे खिळे, स्टेपल किंवा प्लास्टिकची दोरी दिसली, तर म्यान तरी नवे आहे किंवा दुरुस्त केलेले आहे. पाठीमागच्या लहानशा खिशात एक छोटी सुरी असते, लांब दांड्याची आणि चिमुकल्या पात्याची. वेत सोलायला आणि कोरीव काम करायला ती रोज लागत असे, आणि म्हणूनच तिचे पाते अनेकदा तलवारीपेक्षाही अधिक झिजलेले आढळते.