शर्यतीतून घरात

हे जे व्हॅनमधून एकेक करून उतरतायत ना, ते ग्रेहाउंड जातीचे कुत्रे, रेसमधून रिटायर झालेले. रिटायर म्हणजे वय किती, तर जेमतेम तीन-चार वर्षं, अजून आठेक वर्षांचं आयुष्य पुढे पडलंय. गाडी आलीये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या ट्रॅकवरून, ओहायोत कोलंबसला, साधारण दोन तासांचा रस्ता. लातूर-विजापूर पट्ट्यात ज्यांनी कारवान कुत्रा पाहिलाय त्यांना हा बांधा लगेच ओळखू येईल, तशीच खोल छाती, तसंच आत गेलेलं पोट आणि लांबच लांब पाय. आणि फासळ्या दिसतायत म्हणून हळहळू नका, निरोगी ग्रेहाउंडच्या दोन-तीन फासळ्या दिसायलाच पाहिजेत. हे इथल्या एका मराठी घरात आजींना पटवायला बराच वेळ गेला, त्यांचं आपलं एकच, याला कोणी जेवायला घालत नाही का गं?

उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे कान उलटून बघायचा. आत हिरवट शाईचं गोंदण असतं. उजव्या कानात समजा 37B लिहिलंय, तर 3 म्हणजे मार्च, 7 हा जन्मवर्षाचा शेवटचा आकडा आणि B म्हणजे त्या वेतातल्या पिल्लांमधला दुसरा. डाव्या कानात त्या वेताचा रजिस्ट्रेशन नंबर. एवढ्यावरून आई-बाप, किती रेस पळाला, कुठे पळाला, सगळं निघतं. आपली स्वतःची जन्मपत्रिका शोधायला याहून जास्त वेळ लागतो.

आता इथून पुढे यांना दत्तक देणाऱ्या गटाचं खरं काम, आणि ते बघायला अजिबात रोमांचक नाहीये. अंघोळ, गोचीड काढणं, हार्टवर्मची म्हणजे हृदयातल्या जंतांची टेस्ट, नसबंदी आणि दात. दातांची बहुतेकांची बोंब असते, भूल देऊन साफ करावे लागतात आणि भूल म्हटली की या जातीचं वेगळंच प्रकरण, अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि लिव्हर काही औषधं फार हळू जिरवतं, त्यामुळे जुन्या पद्धतीची काही भुलीची इंजेक्शनं यांना झेपत नाहीत, शुद्धीवरच लवकर येत नाहीत. रक्ताचे रिपोर्टही निराळे, लाल पेशी जास्त, थायरॉइड कमी, म्हणजे माहिती नसलेला डॉक्टर धडधाकट कुत्र्याला आजारी ठरवून मोकळा. या शहरातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत डॉ. गिलेर्मो कूटो यांनी ग्रेहाउंडच्या तब्येतीवर वेगळा प्रोग्रॅमच चालवला होता. गटाचे लोक आजही दत्तक देताना डॉक्टरला दाखवायची कागदांची एक फाइल सोबत देतात. आणि बजावून सांगतात की वय झालेला ग्रेहाउंड लंगडायला लागला तर मुरगळलं असेल म्हणून थांबू नका, आधी एक्स-रे काढा, कारण यांच्यात हाडाचा कॅन्सर फार.

हा बघा, हा जिन्यापाशी नुसता उभा आहे. घाबरलाय असं नाही, त्याला जिना म्हणजे काय तेच माहिती नाही. जन्म फार्मवर, मग ट्रॅकचं केनल, दोन मजली क्रेट म्हणजे पिंजरे, दिवसातून चार-पाच वेळा सगळ्यांसोबत मोकळ्या आवारात सोडायचं, की परत क्रेट. काचेचा दरवाजा नाही, आरसा नाही, टीव्ही नाही, गुळगुळीत फरशी नाही. मग एक ताई पुढे कॉलर धरून, एक दादा मागून पोटाला आधार देऊन, आणि तिसरा माणूस एकेक पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवतोय. पुढचा उजवा, पुढचा डावा, मग मागचे. चढणं त्यातल्या त्यात सोपं असतं हो, वर पोचल्यावर खाली बघून हा पुतळा होतो. तीस किलोचा पुतळा. मग सगळे तिथेच पायरीवर बसून चीजचे तुकडे पुढे करत राहतात.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, हे कुत्रे आयुष्यात कधी एकटे राहिलेले नसतात. आजूबाजूला कायम पन्नास-साठ कुत्र्यांचे श्वास. आणि आपण त्यांना घरी आणतो, लाड करतो आणि सोमवारी सकाळी कुलूप लावून ऑफिसला जातो. म्हणून मध्ये फॉस्टरचं, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्यांचं घर असतं, काही आठवडे तिथे राहून तो कसा आहे ते कळतं. मांजराची टेस्टही तिथेच, तोंडाला मुसकं, गळ्यात पट्टा, समोर शांत स्वभावाचं मांजर. काही जण मान फिरवून निघून जातात, काहींचे कान ताठ, नजर खिळलेली, दात कडाकडा वाजतायत, आता दात तर ते आनंदातही वाजवतात, पण नजर हटत नाही हे बघायचं. मग त्याच्या कागदावर लिहिलं जातं, मांजर असलेल्या घरी नको. त्या कागदावरून कितीतरी कुटुंबांना नाही म्हणावं लागतं आणि लोक चिडतात. माझ्या मते गटाची परीक्षा या नाही म्हणण्यातच होते. कुत्र्याला मिठी मारलेला फोटो काय, कोणीही काढेल.

बाहेर पट्टा सोडायचा नाही, ही अट तर करारातच असते. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळणारा प्राणी खारीच्या मागे लागला की तुमची हाक ऐकायला थांबत नाही.

आता थोडं मागचं. यांत्रिक सशामागे कुत्रे पळवायचा आधुनिक ट्रॅक कॅलिफोर्नियात एमरीव्हिलला 1919 मध्ये सुरू झाला. पुढे किती तरी वर्षं हरलेल्या कुत्र्याचं काय होतं हे कोणी विचारलं नाही, आणि दत्तक देणारे गट मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते 1980 च्या दशकात. तरी 2002 मध्ये अलाबामात लिलियन गावाजवळ एका जमिनीवर हजारो ग्रेहाउंडचे सांगाडे सापडले, फ्लोरिडातल्या ट्रॅकवरचा एक माजी सिक्युरिटी गार्ड दहा-दहा डॉलर घेऊन त्यांना गोळ्या घालत होता.

आणि इथे या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट येते. कुत्रा कोणाच्या हातात? ट्रेनरच्या. तो देणार कोणाला? जो त्याला शिव्या घालत नाही त्याला. म्हणून कितीतरी गटांनी ठरवून टाकलं की रेसिंगच्या बाजूने नाही, विरोधात नाही, आम्ही फक्त कुत्रे घरी नेणार. काही गट उघडपणे विरोधात गेले, काही ट्रेनर लोकांच्या बाजूने उभे राहिले, आणि यावरून मैत्र्या तुटल्या, गट फुटले. गप्प बसणाऱ्यांना भित्रे म्हणणारे खूप भेटतात, पण रात्री अकराला फोन आला की तीन कुत्रे आहेत, उद्या नेता का, तर तो फोन त्या गप्प बसलेल्यांनाच यायचा हेही खरंच आहे ना.

मग 2018 चा नोव्हेंबर. देशात 17 ट्रॅक उरले होते, त्यातले 11 एकट्या फ्लोरिडात, आणि तिथे अमेंडमेंट 13 वर, म्हणजे रेसिंग बंद करायच्या राज्याच्या घटनादुरुस्तीवर मतदान झालं. 69 टक्के लोकांनी बंद करा म्हटलं, मुदत 31 डिसेंबर 2020. तेव्हा सगळ्यांना धास्ती, एवढे हजारो कुत्रे ठेवायचे कुठे? झालं उलटंच, कुत्रे संपले आणि माणसांची रांग उरली. 2018 च्याच जुलैमध्ये मकाऊचा कॅनिड्रोम हा ट्रॅक बंद झाला, तिथले पाचशेच्या वर ग्रेहाउंड विमानाने जगभर पाठवावे लागले. आणि न्यूझीलंडने डिसेंबर 2024 मध्ये रेसिंग बंद करायचं जाहीर केलं.

अमेरिकेत 2025 पर्यंत चालू राहिलेले ट्रॅक फक्त दोन, दोन्ही वेस्ट व्हर्जिनियात, एक व्हीलिंगला आणि एक चार्ल्सटनजवळ. त्यामुळे काही गटांनी काम आवरतं घेतलं, काही आता आयर्लंडहून ग्रेहाउंड आणतात, काही स्पेनचे गाल्गो, म्हणजे तिकडे शिकारीला वापरून सोडून दिलेले. गाल्गोंच्या कानात असं गोंदण नसतं, पूर्वायुष्य कळायला मार्ग नाही, सगळं पहिल्यापासून. विमानाचं भाडंही गटानेच भरायचं, त्यासाठी केक विकणं, जुने पट्टे विकणं, कॅलेंडर छापणं चालूच.

तुम्ही तिकडे राहत असाल आणि मनात असेल तर फॉर्म भरून ठेवा, पण थांबायची तयारी ठेवा. आणि घरात मांजर असेल तर तसं लिहा, लपवू नका, गटाचा माणूस घर बघायला येतोच.