फ्रीज म्हणजे नक्की कुठे?

नमस्कार मंडळी, चहा हातात असेल तर घ्या सावकाश, विषयाचं नाव जड आहे पण विषय तसा नाहीये. मोनोक्लोनल अँटिबॉडी. कोविडमध्ये अँटिबॉडी हा शब्द घरोघरी झाला, आमच्या गल्लीत तर भाजी घेताना बायका एकमेकींना विचारायच्या, तुझ्या किती आल्या गं, जशा काही दहावीच्या टक्क्यांच्या गप्पा. पण मी आज औषधाच्या अँटिबॉडीबद्दल नाही बोलणार. रिसर्चला लागते ती, लॅबमधली, जिच्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की फक्त संशोधनासाठी.

तिचं काम एकच. पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूला प्रोटीनं बसलेली असतात, बाहेरचा निरोप घेणारी, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ठराविक रिसेप्टर या पेशीवर आहे का नाही, हे ती अँटिबॉडी जाऊन चिकटून सांगते. नुसती चिकटून दिसणार नाही, म्हणून तिच्या शेपटाला चमकणारा रंग जोडतात. चिकटली तर पेशी चमकते, नाही चिकटली तर अंधार. एवढंच लक्षात ठेवा, चिकटली तर चमक.

आता ही बनवतात कशी ते द्राक्षवाल्यांना सांगायला मला दोन मिनिटं पण लागत नाहीत. द्राक्षाच्या कलमात खाली डॉगरिज जातीचं मूळ, वर थॉमसन जातीची काडी, डॉगरिज पाण्याचा ताण आणि खारी जमीन सोसतं आणि वरून द्राक्षं थॉमसनची. १९७५ साली केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी असंच काहीसं पेशींचं केलं. उंदराच्या प्लीहेतली पेशी, जी हवी ती अँटिबॉडी बनवते पण बाहेर काढली की काही दिवसांत मरते, आणि कॅन्सरची पेशी, जी मरतच नाही. दोघींची मिळून एक पेशी. कलमात दोन झाडं शेजारी जोडलेली राहतात, इथे खरंच दोनाची एक होते, तेवढा फरक. मग अशा एकाच पेशीपासून सगळी पिलावळ वाढवायची, जशी एकाच वेलाच्या काड्या लावून अख्खी बाग करतो, म्हणून मोनो-क्लोनल. १९८४ ला दोघांना नोबेल मिळालं, सोबत येर्ने नावाचे तिसरे होते. आणि पेटंट घेतलं नव्हतं बरं का, आजकाल लोक हळदीच्या दुधालाही पेटंट घ्यायला निघतात, असो, तो विषय वेगळा.

तर आता माझी गोष्ट सांगते, ही सांगायलाच मी आलेय खरं तर.

मी इथे नाशिकलाच एका कॉलेजात शिकवते. सीडी४ नावाच्या रिसेप्टरची अँटिबॉडी मागवली होती. सीडी४ हा टी पेशींच्या, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, एका गटावर असतो, एचआयव्ही याच रिसेप्टरला धरून पेशीत शिरतो, म्हणून त्या पेशंटचा सीडी४ काउंट बघतात हे तुम्ही ऐकलं असेल. बाटली एवढीशी, करंगळीच्या पेराएवढी, किंमत विचारू नका. रंग जोडलेला पीई, म्हणजे फायकोएरिथ्रिन, हा मूळचा लाल शेवाळातला, समुद्रातला, आणि तो स्वतःच एक मोठं प्रोटीन आहे. हे लक्षात ठेवा, रंगच प्रोटीन आहे, पुढे लागणार आहे.

कुरिअरवाला आला शनिवारी संध्याकाळी, कॉलेज बंद, मी सिन्नरला लग्नात, जेवणाची पंगत बसलेली, वॉचमनचा फोन. मी म्हटलं पंचवटीत घरी द्या. घरी मिस्टरांच्या आत्या होत्या, निफाडच्या. त्यांना फोन केला, आत्या, एक थर्मोकोलचा डबा येईल, त्यातली बाटली फ्रीजमध्ये ठेवा. त्या म्हणाल्या ठेवते. झालं.

सोमवारी सकाळी बाटली घेतली, आत पाणी झालेलं, सगळं ठीक. स्वतःचंच रक्त काढून घेतलं, पद्धत बसवायची होती ना, लाल पेशी फोडल्या, अँटिबॉडी घातली, अंधारात बर्फावर ठेवलं, धुतलं, फिक्स केलं, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि पुण्याला निघाले, कारण ते मशीन, फ्लो सायटोमीटर, आमच्याकडे नाही. २०० किलोमीटर. नाशिक-पुणे सरळ रेल्वेबद्दल मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन एसटीत बसलात की त्या रेल्वेची किंमत कळते.

मशीनमध्ये पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात आणि कोणती किती चमकली ते मोजलं जातं. ऑपरेटर दादांनी नळी लावली. सीडी३, म्हणजे सगळ्या टी पेशींची खूण, ती दुसऱ्या रंगात होती, हिरव्या, छान चमकली. सीडी४ बघितलं तर सपाट. काहीच नाही. अंधार. दादा स्क्रीनकडे बघतायत, मी बघतेय. त्यांनी हळूच विचारलं, मॅडम, सॅम्पल कोणाचं आहे? मी म्हटलं, माझं. ते काही बोललेच नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, चहा घेता का?

हसताय तुम्ही, पण माझ्या पायातलं बळ गेलं होतं हो. निरोगी माणसाच्या टी पेशींत निम्म्याहून जास्त सीडी४ वाल्या असतात, आणि माझ्या शून्य. चहा गार झाला. मग डोकं चाललं, की शून्य म्हणजे मी अशी तीन मजले धडधडीत चढून आलेच नसते. उरलेलं रक्त सोबत होतं, तिथल्या बाटलीतला एक थेंब मागितला, सीडी४ च फक्त दुसऱ्या क्लोनचा, म्हणजे दुसऱ्या कलमी पेशीच्या पिलावळीचा, अर्धा तास थांबलो, परत नळी लावली, आणि स्क्रीनवर अशी छान गर्दी उमटली ना, माझ्या पेशी, सगळ्या जागेवर!

म्हणजे मी ठीक, बाटली बिघडलेली. घरी फोन केला. आत्या, ती बाटली कुठे ठेवली होती? फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये कुठे? वर, मटारशेजारी, बर्फात आली होती ना गं, मग बर्फातच ठेवली. आणि सोमवारी पहाटे काढून वितळवून पण ठेवली तुला, गोठलेली कशी नेशील?

पीई गोठवला की त्या प्रोटीनची घडी मोडते, चमक जाते. बाटलीवर लिहिलेलं असतं २ ते ८ डिग्री, गोठवू नका. खालचा कप्पा. परत सांगते, खालचा कप्पा, फ्रीजर नाही. गंमत म्हणजे अँटिबॉडी बनवणारी ती कलमी पेशी उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं सांभाळतात, सांभाळणारं द्रावण घालून, आणि तिच्यातून निघालेला हा माल रंग जोडला की एक रात्र मटारशेजारी सहन करत नाही.

अजून दोन गोष्टी होत्या, अँटिबॉडी भलतीकडेच शेपटाने चिकटते ते अडवणारा ब्लॉक आणि आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची त्याच जातीची पण त्या रिसेप्टरला न चिकटणारी अँटिबॉडी, पण समोरच्या काचेतून मला घड्याळ दाखवतायत. तेवढं सांगते की बाटलीवरचा क्लोन नंबर वहीत लिहून ठेवा, एकाच रिसेप्टरवर दोन क्लोन दोन वेगळ्या जागी चिकटू शकतात.

आणि हो, आत्यांना मी घरी आल्यावर जरा जोरातच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, अगं आमची द्राक्षं कोल्ड स्टोरेजला शून्याजवळ ठेवतात पण गोठू देत नाहीत, मला ते कळतं, तू नुसतं द्राक्षासारखं ठेवा म्हणाली असतीस तरी झालं असतं, तू म्हणालीस फ्रीज.

नमस्कार.