तुटायचं कुणी? : उद्यमनगरातल्या एका शाफ्टची गोष्ट

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर, सकाळ. अर्धं वर गेलेलं शटर. लेथवरून गळणारा निळसर कीस.)

सकाळचे साडेनऊ. उद्यमनगरात एकेक शटर वर जायला लागलंय. या गल्ल्यांतून ऑइल इंजिनं घडली, शेजारच्या शेडमध्ये आत्ता पंपाचा इम्पेलर घासला जातोय. आणि या शेडमध्ये, लिफ्टवर, चारही चाकांना जोर देणारी एक महागडी सेडान लटकलीय. बोनेटवरच्या बिल्ल्यावर आम्ही चिकटपट्टी लावलीय. राहू दे तशीच. दोष गाडीचा नाही.

(दृश्य : तळहातावर तुटलेला तुकडा. कॅमेरा अगदी जवळ.)

हा तिच्या मागच्या डाव्या चाकाचा हाफ शाफ्ट, म्हणजे चाकापर्यंत जोर नेणारी दांडी. अंगठ्यापेक्षा जाड, मनगटापेक्षा बारीक. टोकाला स्प्लाइनचे, म्हणजे जोडात अडकणारे, दाते आहेत. ते कापले तेव्हा फूटपट्टी धरल्यासारखे सरळ होते. आता त्यांना पीळ पडलाय, धुणं पिळताना धोतराला पडतो तसा.

मिस्त्री तुकडा उजेडाकडे तिरका धरतात. तुटल्या तोंडावर दोन पोत दिसतात. एका कडेला गुळगुळीत, मळकट भाग आणि त्यावर अर्धचंद्रासारख्या बारीक रेषा. उरलेला भाग खरखरीत, चकचकीत, साखरेच्या दाण्यासारखा. खरखरीत भाग शेवटच्या झटक्याला तुटला. गुळगुळीत भाग मात्र आधीपासून हळूहळू फाटत होता. दर वेळी गाडी सुटली की चीर केसभर पुढे सरकायची. पोरगा म्हणतो, "मिस्त्री, एकदम तुटला की ओ!" मिस्त्री त्या रेषांवर नख फिरवतात. "एकदम न्हाई रे बाळा. लई दिवस चाललं हुतं ह्येचं."

पोरगा इचलकरंजीचा, गाडी त्याचीच. घरी यंत्रमाग. त्याला नाद ड्रॅग रेसचा. पाव मैल, म्हणजे 402 मीटर सरळ धावपट्टी. दिवा हिरवा झाला की सुटायचं, वळण नाही, ब्रेकचं काम शेवटी. सगळा खेळ पहिल्या 60 फुटांत ठरतो.

(दृश्य : दोन गाड्या सुटतात. एकीच्या मागच्या चाकांना धूर. दुसरी नुसती उडी घेते.)

धूर काढणारी गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. पोरं तिला शिट्ट्या मारतात. पण त्या धुरानंच तिचा गिअरबॉक्स वाचवलेला असतो. जोर जास्त झाला की रबर घसरतं, आणि घसरलं की आतल्या पोलादावरचा ताण उतरतो. टायर म्हणजे तिचा फ्यूज.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत हा फ्यूज जवळपास उडतच नाही. चारही टायर डांबराला चिकटून राहतात. म्हणून तर ती जिंकते, आणि म्हणूनच आतून मोडते. ढोबळ हिशेब असा. इंजिनचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, 500 न्यूटन मीटर धरा. पहिला गिअर आणि मागचा क्राऊन-पिनियन (जोर चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) मिळून तो बारा-चौदा पट होतो. म्हणजे चाकांकडे जायला निघतात सहा-सात हजार न्यूटन मीटर. त्यात सुटताना वजन मागे बसतं, त्यामुळे मोठा वाटा मागच्या दोन शाफ्टवर पडतो. टायर धड चिकटेना, धड सुटेना, असं थडथडायला लागलं तर शाफ्टला घणाचे घाव बसतात. पोरानं संगणकावरून इंजिनचा जोर वाढवून घेतला होता. शाफ्ट जुनाच राहिला.

मिस्त्रींचे वडील बैलगाड्यांचे कणे घडवायचे. शर्यतीची जोडी कितीही पाणीदार असो, झुंपण्याआधी ते वाकून कणा बघायचे. मिस्त्रीही गाडी आली की आधी खालीच वाकतात.

(दृश्य : ट्रान्सफर केसचं ऑइल भांड्यात पडतंय. काळं.)

ऑइलला करपल्याचा वास आहे. तो पडद्यावर दाखवता येत नाही, मिस्त्रींचा चेहरा बघून घ्या. गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी ही पेटी. आत एकावर एक रचलेल्या क्लच प्लेटा असतात. लागोपाठ चार-पाच वेळा गाडी सोडली की त्या तापतात. मग गाडी स्वतःला वाचवायला पुढच्या चाकांचा जोर कमी करते.

पण इथे प्लेटा नुसत्या शर्यतीनं करपलेल्या नाहीत. मिस्त्री टायरमध्ये खोली मोजायची पट्टी घालतात. पुढचे दोन नवे, मागचे दोन झिजलेले. फरक 5 मिलिमीटर. एवढ्यानं चाकाचा घेर तीन सेंटिमीटरनं बदलतो. कोल्हापूर ते पुणे एका खेपेत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या चालीत साडेतीन किलोमीटरच्या आसपास तफावत पडते. ती तफावत या प्लेटा एकमेकींवर घासून भरून काढतात. शर्यतीला जायच्या आधीच त्या अर्ध्या दमलेल्या होत्या. टायरचे पैसे वाचवले म्हणे!

(दृश्य : लेथ. ईएन 24 पोलादाचा गज फिरतोय.)

नवा शाफ्ट इथेच घडतोय. पोराला वाटत होतं, जाडजूड करतील. मिस्त्रींनी उलटं केलं. स्प्लाइनचा भाग ठेवला तेवढाच, मधली दांडी मात्र दात्यांच्या तळापेक्षा बारीक केली. पोरगा बघतच राहिला.

कारण साधं आहे. दांडी जाड असली की ती पीळ घेत नाही. सगळा पीळ दाते संपतात तिथे गोळा होतो आणि चीर तिथून निघते. तोच तुकडा मघाशी हातात होता. दांडी बारीक केली की झटका तिच्या सगळ्या लांबीत पसरतो. ती स्प्रिंगसारखी क्षणभर पिळते, परत येते. दाते संपतात तिथला काटकोनही काढून टाकलाय, गोल उतार दिलाय. शेवटी पॉलिश पेपर. नखाला ओरखडा लागेल तोवर मिस्त्री शाफ्ट खाली ठेवत नाहीत.

दाते हॉबिंग मशीनवर, दोन शेड सोडून. मग शिरोली एमआयडीसी.

(दृश्य : भट्टीचं दार उघडतं. लाल शाफ्ट. तेलात बुडतो. ज्वाळा. हा शॉट पूर्ण चालू द्यावा. दहा सेकंद निवेदन नाही.)

साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात. या क्षणी पोलाद कडक आहे, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून पुन्हा भट्टीत, कमी आचेवर. थोडा कडकपणा सोडायचा आणि चिवटपणा कमवायचा. त्यानंतर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा. त्यानं वरचा थर दाबून बसतो, चिरेला तोंड फुटायला जागा मिळत नाही.

याहून भारी पोलाद मिळतं. मिस्त्रींनी मुद्दाम घेतलं नाही. शाफ्ट अजिबात तुटणारच नाही असा केला, तर पुढचा झटका क्राऊन-पिनियनवर जाईल, नाहीतर गिअरबॉक्समध्ये. शाफ्ट दोन तासांत बदलता येतो. गिअरबॉक्स उतरवला की तो घराचा हप्ता. म्हणून साखळीत कुणी आधी तुटायचं हे लेथ चालू करण्याआधी ठरवलेलं असतं. परदेशातून तयार शाफ्ट मागवता येतो. पेटी येते, फोटो टाकले जातात. पण ही साखळी वाचणारा माणूस त्या पेटीतून येत नाही. तो या गल्लीत, निळ्या शर्टात, कानाला पेन्सिल लावून बसलाय.

(दृश्य : क्राऊनच्या दातांवर निळा रंग. हातानं फिरवणं. रंगाचा ठसा.)

क्राऊन-पिनियनही तपासून घेतलाय. निळा रंग लावून हातानं फिरवायचा. ठसा दाताच्या मधोमध उमटला तर ठीक. कडेला उमटला तर पुन्हा शिम (पातळ चकती), पुन्हा रंग. इथे तिसऱ्या वेळेला मधोमध आला.

गाडीची वॉरंटी नाकारली गेली. खर्च लाखांत गेला, घरी बोलणी बसली.

(दृश्य : नवा शाफ्ट जागेवर. मिस्त्री ब्रशनं त्याच्या लांबीवर एक सरळ पांढरी रेघ ओढतात.)

ही रेघ शोभेची नाही. शाफ्टला पीळ पडला की ती सरळ राहत नाही.

(दृश्य : बंद धावपट्टी. मोबाइलवरचं थरथरतं चित्रीकरण. गाडी चार वेळा सुटते. मग पुन्हा लिफ्ट, बॅटरीचा झोत.)

चार वेळा गाडी सुटली. मिस्त्री झोत खालून वर नेतात. रेघ एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी सरकलीय. ते फोटो काढतात, कानावरची पेन्सिल घेऊन कार्डावर तारीख आणि चारचा आकडा लिहितात. पोरगा विचारतो, अजून किती वेळा चालेल?

मिस्त्री दुसऱ्या बाजूचा शाफ्ट बघायला वळलेत.